फॅशनच्या दुकानात केसांवरून नकार : एका अलिखित अटीची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०१७. न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्स शहरात, बनाना रिपब्लिक या कपड्यांच्या साखळीतल्या दुकानात काम करणाऱ्या १९ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला मॅनेजरने सांगितले, की तुझ्या बॉक्स ब्रेड्स, म्हणजे डोकेभर घातलेल्या वेण्या, ‘फार अर्बन’ आणि अव्यवस्थित दिसतात. त्या सोडल्याशिवाय तुला शिफ्ट लावता येणार नाही. मुलीने हा प्रकार फेसबुकवर लिहिला, बघता बघता तो सगळीकडे पसरला आणि चौकशीअंती कंपनीने मॅनेजरलाच काढून टाकले. आदल्या वर्षी टोरांटोतल्या झाराच्या दुकानात असेच घडले होते. तिथे तर मॅनेजरांनी विक्रेतीला दुकानाबाहेर, मॉलच्या वर्दळीत नेऊन तिच्या वेण्या ‘नीट’ करायचा प्रयत्न केला होता.

दोन्हीकडे वर्णाचा थेट उल्लेख कोणी केला नाही (‘अर्बन’ हा अमेरिकेत ‘कृष्णवर्णीय’साठीचा आडवळणाचा शब्द), आणि व्हाइट प्लेन्सच्या मॅनेजरने ‘तुला काढले’ असेही म्हटले नाही. कपड्यांच्या साखळी दुकानांत बहुतेक विक्रेते तासावर आणि अर्धवेळ काम करतात. त्यांचे वेळापत्रक आठवड्या-आठवड्याला मॅनेजर लावतो. एखादी नकोशी झाली तर तिला काढायची गरजच नसते. पुढच्या आठवड्यात तिच्या नावापुढे तास लिहायचे नाहीत, की झाले. नोकरी कागदावर शाबूत राहते आणि हातात पगार येत नाही.

‘वेण्या सोडून ये’ हे वाक्य किती महाग आहे, हेही पाहायला हवे. बॉक्स ब्रेड्स घालताना डोक्यावर चौकोनी भांग पाडतात आणि प्रत्येक चौकोनातल्या केसांत वरून कृत्रिम केस गुंफत वेणी खाली नेतात. वेण्या किती बारीक हव्यात त्यावर चार ते आठ तास लागतात, आणि घातल्या की त्या सहा-आठ आठवडे ठेवायच्या असतात. हा नुसता शोभेचा प्रकार नव्हे. फार कुरळ्या केसात टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे केस कोरडा राहतो. त्यातून प्रत्येक वळणावर तो कमकुवत असतो. रोज कंगवा फिरवला की तो तिथेच तुटतो. वेणीत बांधून ठेवला तर वाचतो. म्हणूनच वेण्या, ट्विस्ट (एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बटा) आणि लॉक्स (वळून एकजीव झालेल्या बटा) यांना संरक्षक केशरचना म्हणतात. लॉक्स पाहून आपल्याकडे चटकन ‘जट’ आठवते, पण जट दुर्लक्षाने होते. लॉक्स मुद्दाम भाग पाडून वळतात, धुतात, मुळाशी पुन्हा पुन्हा वळून राखतात. मुरलेले लॉक्स सहसा सुटत नाहीत, ते कापावेच लागतात. त्यामुळे ज्या मुलीकडे लॉक्स आहेत तिला ‘केस बदल’ सांगणे म्हणजे अनेक वर्षांची वाढ कापायला सांगणे.

केस बदलण्याच्या या अटीचे मूळ गुलामगिरीच्या काळात आहे. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढले, की मुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस रुमालाने झाकावेत. न्यू ऑर्लिन्समध्ये या स्त्रिया केसांत दागिने, पिसे माळून वावरत आणि गोऱ्या समाजाला ते खुपत होते. रुमाल बांधला की त्या गुलाम स्त्रियांच्या पंक्तीत दिसणार, असा हिशेब होता. बायकांनी भारी कापडाचे रंगीत रुमाल असे काही डौलात बांधले, की त्या ‘टिन्यॉं’चीच फॅशन झाली. तरी केस कसे दिसावेत हे दुसऱ्याने ठरवायचे, ही रीत पडली ती पडलीच.

दुकानांपुरते बोलायचे तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केसांचा प्रश्न काउंटरपर्यंत पोचतच नव्हता, कारण कृष्णवर्णीय स्त्रीच काउंटरवर सहसा नव्हती. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरांत तिला काम मिळे ते झाडलोटीचे, गोदामातले किंवा लिफ्ट चालवण्याचे. दक्षिणेकडच्या कित्येक दुकानांत गिऱ्हाईक म्हणून आली तरी हॅट डोक्यावर घालून बघायची मुभा नसे, किंवा आधी डोक्यावर कापड ठेवावे लागे. तिच्या केसांना लागलेली हॅट गोरी बाई घेणार नाही, ही समजूत. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावरच्या ब्लूमस्टाइन्स या दुकानावर ‘जिथे काम मिळत नाही तिथे खरेदी करू नका’ या चळवळीने बहिष्कार घातला. काही आठवड्यांत दुकान नमले आणि कृष्णवर्णीय विक्रेत्या घ्यायला तयार झाले. लगेच नवी तक्रार आली : निवडलेल्या मुली उजळ वर्णाच्याच आहेत. आमच्या मते या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. दार उघडले ते चाळणी लावूनच, आणि पुढच्या काळात त्या चाळणीचे काम केसांनी केले.

चाळणीतून पार व्हायचे तर केस सरळ हवेत. तापवलेला लोखंडी कंगवा हा जुना मार्ग. घाम किंवा पाऊस लागला की केस पूर्वपदावर. पुढे रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारे रासायनिक क्रीम, आला. त्यातला कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, केसाच्या प्रथिनातले गंधकाचे बंध कायमचे तोडतो. लावण्याआधी टाळूवर आणि कानांच्या कडेला पेट्रोलियम जेली लावायची, क्रीम फक्त नव्या वाढीला लावायचे, ठरलेल्या मिनिटांत धुवायचे आणि मग उदासीन करणाऱ्या शॅम्पूने शेवटचा अंश काढायचा. आदल्या दिवशी डोके खाजवले असेल तर टाळू भाजते. जुन्या, आधीच सरळ झालेल्या केसावर क्रीम पुन्हा चढले तर तो तिथेच तुटतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणून हा सोपस्कार दर सहा-आठ आठवड्यांनी. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष दिले. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के दिसली. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे संशोधकही सांगतात. पण ‘केस तर बदलता येतात’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा ऐकलेला असावा.

रसायन नको असेल तर विग किंवा विव्ह, म्हणजे स्वतःच्या वेण्यांवर शिवलेले दुसऱ्याचे केस. इथे धागा थेट आपल्याकडे येतो. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेले केस देवस्थान लिलावात विकते, आणि भारतीय लांब केसांना या बाजारात मोठा भाव आहे.

आता कायदा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वर्णभेद करायला बंदी केली, पण ‘वर्ण’ म्हणजे नेमके काय याची व्याख्या केली नाही. सुरुवात बरी झाली. १९७६ मध्ये शिकागोच्या सातव्या सर्किट अपील न्यायालयाने (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा प्रादेशिक विभाग) ब्लू क्रॉस विमा कंपनीविरुद्धच्या खटल्यात मान्य केले, की ‘आफ्रो (न बांधता फुलू दिलेले कुरळे केस) ठेवून तू कंपनीचे प्रतिनिधित्व करू शकणार नाहीस’ असे सांगितल्याची तक्रार ही वर्णभेदाचीच तक्रार आहे.

घात झाला तो वेगळ्याच वाटेने. १९७५ मध्ये पाचव्या सर्किटने जॉर्जियातील एका वृत्तपत्राचा खटला निकाली काढला होता. लांब केसांमुळे एका तरुणाला तिथे नोकरी नाकारली होती आणि त्याने लिंगभेदाचा दावा लावला होता. न्यायालय म्हणाले, कायदा जन्मजात, न बदलणाऱ्या लक्षणांना संरक्षण देतो. केस कापता येतात, मग संरक्षण कशाचे? पुरुषाच्या लांब केसांसाठी मांडलेला हा युक्तिवाद पुढे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गळ्यात पडला. १९८१ मध्ये रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स या खटल्यात न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने कॉर्नरोजवरची, म्हणजे टाळूला चिकटून ओळींत घातलेल्या वेण्यांवरची, बंदी उचलून धरली. आफ्रो नैसर्गिक असल्याने त्याची गोष्ट निराळी असू शकेल, पण वेण्या ही केलेली रचना आहे, असा भेद केला. वर दाखलाही असा दिला, की ही रचना नुकतीच एका चित्रपटातल्या गोऱ्या नटीने, बो डेरेकने, लोकप्रिय केली आहे. डोक्यावर उगवले तसे ठेवले तर संरक्षण, विंचरून बांधले की ते गेले! नीटनेटके दिसावे म्हणूनच वेण्या घालतात, हे न्यायालयाच्या ध्यानात आले नाही.

यातला शेवटचा मोठा घाव अलाबामात बसला. २०१० मध्ये मोबाइल शहरातल्या एका विमादावे हाताळणाऱ्या कंपनीने ग्राहकसेवेसाठी एका कृष्णवर्णीय स्त्रीला नोकरी देऊ केली. मग मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी तिचे लॉक्स पाहिले. असे केस पुढे विस्कटतात, तुमचे तसे आहेत असे नाही, पण मला काय म्हणायचे ते कळले असेल, अशा आशयाचे त्या बोलल्या आणि नोकरी मागे घेतली. रोजगार समान संधी आयोग, म्हणजे ईईओसी, तिच्या बाजूने लढला. २०१६ मध्ये अकराव्या सर्किटने केसांचा पोत वर्णात मोडतो, रचना मोडत नाही, असे म्हणून आयोगाचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये पाचव्याचे विभाजन होऊन हे सर्किट निघाले, त्यामुळे लांब केसांच्या तरुणाचा तो जुना निकाल इथे बंधनकारक होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

फॅशनच्या दुकानांची गोष्ट याहून अडचणीची, कारण तिथे विक्रेता हाच अर्धा शोकेस. ॲबरक्रॉम्बी अँड फिचने तर विक्रेत्यांना ‘मॉडेल’ असेच नाव दिले होते आणि दिसण्याचे नियम ‘लुक पॉलिसी’ म्हणून लिहून काढले होते. २००३ मध्ये लॅटिनो, कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या उमेदवारांनी तिच्यावर दावा लावला : आम्हाला घेत नाहीत, घेतले तर मागे माल लावायला ठेवतात, समोर उभे करत नाहीत. २००४ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरची तडजोड झाली. भरतीसाठी विशिष्ट कॉलेजे आणि विद्यार्थी क्लब हेरण्याची पद्धत बंद करण्याची अटही त्यात होती.

हा ‘लुक’ कागदावर कसा उतरायचा, हे याच कंपनीच्या दुसऱ्या खटल्यात दिसले. २००८ मध्ये ओक्लाहोमातील टल्सा इथे १७ वर्षांची एक मुस्लिम मुलगी डोक्याला स्कार्फ बांधून मुलाखतीला गेली. मुलाखतीचे गुण तीन सदरांत : दिसणे व शैलीची जाण, मोकळा स्वभाव, आणि रुबाब व महत्त्वाकांक्षा. तिला प्रत्येकी २ मिळाले, बेरीज ६, म्हणजे भरतीची शिफारस. मग जिल्हा व्यवस्थापकाशी बोलणे झाले आणि ‘दिसणे’ या सदरातला २ चा १ झाला. बेरीज ५. पाच किंवा कमी असेल तर शिफारस नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तिची बाजू धरली, पण तिच्या हाती धर्मस्वातंत्र्याचा स्वतंत्र आधार होता. वेण्या घातलेल्या मुलीचा २ चा १ झाला तर तिच्याकडे केंद्रीय कायद्यात तेवढा भक्कम आधार नाही.

हा ‘एक गुण’ सर्रास कापला जातो, असे संशोधन सांगते. २०२० मध्ये क्रिस्टी कोव्हल आणि ॲश्ली रोझेट या अभ्यासकांनी प्रयोगातून दाखवले, की नैसर्गिक केस ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय उमेदवार स्त्रिया कमी व्यावसायिक गणल्या जातात आणि त्यांची मुलाखतीसाठी शिफारस कमी होते. सल्लागार कंपनीच्या नोकरीत हा फरक दिसला, जाहिरात क्षेत्राच्या नोकरीत दिसला नाही. यावरून फॅशनवाले मोकळे असतील असे वाटेल, पण जाहिरातीत कुरळे केस झळकवणारी कंपनी आणि मॉलमधला तिचा मॅनेजर यांत अंतर असते. डव्ह आणि लिंक्डइन यांची २०२३ ची पाहणीही सर्रास उद्धृत होते : कृष्णवर्णीय स्त्रियांचे केस ‘अव्यावसायिक’ गणले जाण्याची शक्यता अडीचपट, आणि सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया मुलाखतीसाठी केस बदलतात. डव्ह शॅम्पू विकते, तेवढे ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत.

न्यायालयांनी दार लावल्यावर चळवळ राज्यांच्या विधिमंडळांकडे वळली. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने केसांवरून भेदभाव हा वर्णभेदच, अशी मार्गदर्शक सूचना काढली. दंड अडीच लाख डॉलरपर्यंत. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात सिनेटर होली मिचेल यांच्या ‘क्राउन’ विधेयकावर सही झाली. नवे कलम आणण्याऐवजी त्यांनी ‘वर्ण’ या शब्दाची व्याख्याच रुंद केली : केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांसारख्या संरक्षक रचना त्यात आल्या. पुढे वीसहून अधिक राज्यांनी हाच कित्ता गिरवला. केंद्रीय विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात २३५ विरुद्ध १८९ मतांनी संमत झाले आणि सिनेटमध्ये अडकले.

राज्यांच्या कायद्यांतही फटी आहेत. टेक्सासचा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला. त्यात लांबीचा उल्लेख नाही, म्हणून लॉक्स ठेवणाऱ्या एका विद्यार्थ्यावर शाळेने केलेली कारवाई फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी वैध ठरवली. तो निकाल शाळेचा असला तरी दुकानांचे वकीलही तो वाचतात.

केंद्रीय कायद्याखाली दाद मागायची तर मालकाकडे किमान १५ कर्मचारी हवेत. ईईओसीकडे तक्रार १८० दिवसांत. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. खटला भरता येईल असे आयोगाचे पत्र आल्यावर त्यासाठी ९० दिवस. मानसिक त्रासाची आणि दंडात्मक भरपाई मिळून कंपनीच्या आकारानुसार ५० हजार ते ३ लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. १८६६ च्या जुन्या कायद्यातून आलेल्या ‘कलम १९८१’ खाली ती मर्यादा नाही, म्हणून वकील दोन्ही दावे एकत्र लावतात. शिफ्ट बुडालेली मुलगी निदान मॅनेजरचे शब्द, तारीख आणि वेळापत्रकाचा फोटो ठेवू शकते. जिला मुलाखतीनंतर फोनच आला नाही, तिला गुणपत्रिका कधी दिसत नाही. भरतीची कागदपत्रे मालकाने एक वर्ष जपायची असतात. तक्रार दाखल झाली तर ती निकाली निघेपर्यंत संबंधित कागद ठेवावे लागतात, आणि नाही झाली तर वर्षानंतर ते फाडायला तो मोकळा.