गोगलगाईची पंचेचाळीस मिनिटं

माझा भाचा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. परवा रात्री जेवायला आला आणि म्हणाला, "मामा, आज जागायचं. पंचायत राज एका दमात संपवून टाकतो." त्याचं पुस्तक उघडून बघितलं, तर पानापानावर पिवळा हायलायटर फिरलेला. विशीत मी हेच करत होतो. इंजिनिअरिंगचे पेपर रात्री जागून दिले, मार्कही चांगले पडले. दोन महिन्यांनी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात कामाला लागलो. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी विचारलं, साच्याला वायू जायला वाट कशाला ठेवायची? ओतकाम हा विषय मी नुकताच पास झालो होतो, तरी तोंडातून शब्द फुटला नाही.

खासबाग मैदानात कुस्ती असलेला पैलवान आदल्या रात्री तीन हजार बैठका मारत नाही. तालीम गंगावेस असो की मोतीबाग, पहाटेची मेहनत, मग खुराक, मग झोप आणि संध्याकाळी पुन्हा आखाडा, हा क्रम ठरलेला. मेहनत करताना दंड भरत नाही, नंतरच्या विश्रांतीत भरतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. डोक्यालाही हाच नियम लागतो, हे मात्र मला चाळिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

हे पहिल्यांदा मोजलं हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं. १८८५ साली त्यानं स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या माळा तो पाठ करायचा, आणि ठरावीक वेळानं त्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. श्रमांची जेवढी बचत, तेवढी आठवण टिकलेली. वीस मिनिटांनी ती ५८ टक्के उरे, एका दिवसानं ३४ टक्के. त्याच्या पुस्तकातली मला सर्वांत आवडणारी नोंद दुसरीच आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी सलग ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांत साधलं. म्हणजे जवळजवळ निम्म्या कष्टात!

असं का होतं, याचं उत्तर एका समुद्री गोगलगाईनं दिलं. ॲप्लिसिया तिचं नाव. तिच्या चेतासंस्थेत साधारण वीस हजारच पेशी असतात, आणि त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसतात. मेंदूसंशोधक एरिक कँडेल यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं या प्राण्याला दिली; २००० सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. गोगलगाईच्या शेपटीला विजेचा हलका धक्का दिला, की ती सावध होते आणि नंतर साध्या स्पर्शानंही कल्ला, म्हणजे श्वासाचा अवयव, जोरात आत ओढून घेते. एका धक्क्याची ही आठवण काही मिनिटं टिकते. अंतर राखून दिलेल्या पाच धक्क्यांची मात्र दिवसच्या दिवस टिकते.

आता पेशीच्या आत काय घडतं ते बघू. धक्का बसला की सेरोटोनिन हे रसायन पाझरतं. त्यामुळे स्पर्श टिपणाऱ्या चेतापेशीत सायक्लिक एएमपी हा रेणू वाढतो आणि तो प्रोटीन कायनेज ए नावाच्या विकराला (एन्झाइमला) जागं करतो. हा विकर पोटॅशियमच्या वाटा बंद करतो. मग विद्युतसंदेश किंचित लांबतो, कॅल्शियम जास्त आत येतं आणि पुढच्या पेशीकडे जास्त रसायन सोडलं जातं. इथवर नवं काहीच बांधलेलं नाही, असलेल्याच प्रथिनांमध्ये तात्पुरता बदल झालाय. धक्के अंतराअंतरानं येत राहिले, की हाच विकर एमएपी कायनेज नावाच्या जोडीदारासह पेशीच्या केंद्रकात शिरतो. तिथे क्रेब-२ हे प्रथिन जनुकांवर ब्रेक लावून बसलेलं असतं. तो ब्रेक सुटतो, क्रेब-१ हे त्याचंच भावंड जनुकं चालू करतं, नवी प्रथिनं तयार होतात आणि पेशीला नवे जोड फुटतात. एका संवेदी पेशीचे सुमारे १,३०० जोड शिकवणीनंतर २,७०० च्या घरात जातात. प्रथिनं बनणं औषधानं रोखलं, तर मिनिटांची आठवण होते, दिवसांची होत नाही.

आणि यातला वेळेचा हिशोब तर विलक्षण आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोगलगाईला दोनच धक्के दिले. पंधरा मिनिटांच्या अंतरानं दिले, तर टिकाऊ आठवण तयार झाली नाही. साठ मिनिटांच्या अंतरानंही नाही. पंचेचाळीस मिनिटांनी दिले तेव्हा झाली, कारण पहिल्या धक्क्यानं जागं केलेलं एमएपी कायनेज त्याच सुमाराला सक्रिय असतं. पहिला धडा पेशीला तयार करतो आणि दुसरा त्या तयारीच्या वेळेत यावा लागतो. क्रेबचं काम फळमाशीत आणि उंदरातही दिसलं आहे. म्हणून माणसानं पंचेचाळीस मिनिटांचा गजर लावून बसावं असं नाही. आपल्या स्मृतीचे टप्पे तास, रात्र, आठवडे असे अनेक आहेत, आणि त्यांतल्या झोपेच्या टप्प्यावर तर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

हे सगळं माहीत असताना, मुलांचा मध्यमेंदू जागा करून देतो म्हणणाऱ्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या जाहिराती बघितल्या की संताप येतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिलंय. मध्यमेंदू प्रत्येक मुलाचा जन्मापासून चालूच असतो. पैसे जातात ते आई-बापांचे, आणि पोरगं खोटं बोलायला शिकतं.

अंतराइतकंच महत्त्व आठवण्याला आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते दोनदा वाचले, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं बाजू पालटली: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण त्या ओळखीलाच ज्ञान समजतो. विशीत माझी फसगत नेमकी इथे झाली.

आमचे मिस्त्री रोज सकाळी चहाआधी विचारायचे, "काल काय शिकलास, सांग." वही काढू द्यायचे नाहीत. सगळ्यांसमोर अडखळायला व्हायचं, म्हणून मी त्यांच्यावर मनातून चिडून असायचो. पुढे दुसरीकडे नोकरी मिळाली तेव्हा सुटलो असं वाटलं. वायू अडकून ओतीव नगात पोकळ्या कशा पडतात, हे आज तीस वर्षांनी मी झोपेतून उठूनही सांगेन. कॉलेजात रात्री जागून पाठ केलेलं काहीही तसं सांगता येत नाही. मिस्त्री आता नाहीत. तेव्हा मला हे कळलं असतं, तर मी त्यांच्या हाताखाली आणखी दोन वर्षं काढली असती.

भाच्याला त्या रात्री अकराला झोपायला लावलं. तीन दिवसांनी रंकाळ्यावर फिरताना पुस्तकाशिवाय आठ प्रश्न विचारले. अकराव्या अनुसूचीत विषय किती? "एकोणतीस." त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू कधी झाली? "एप्रिल १९९३." वसंतराव नाईक समिती कोणत्या साली नेमली, इथे तो थांबला. शालिनी पॅलेस येईपर्यंत गप्प चालत होता. मी उत्तर सांगितलं नाही.

"एकसष्ट... नाही मामा, थांबा. एकसष्टला कायदा झाला. समिती साठ."

आठातले पाच आले. उरलेले तीन रविवारी विचारायचे ठरलंय.