बाळाची पहिली गोधडी, घरच्या मशीनवर

बारशाची तारीख जवळ आली की दुकानात विचारणा सुरू होते: गोधडी शिवायची आहे, काय काय घेऊ? मशीनवर सरळ टीप मारता येते पण गोधडी कधी शिवलेली नाही, अशांसाठी हे पत्रक. इथे धरलेलं माप 36 इंच बाय 36 इंच. पहिल्या वेळेला याहून मोठं नको, नाहीतर मशीनच्या हाताखाली गुंडाळी मावत नाही आणि सगळी ओढाताण तिथे होते.

आधी जाडी, कारण फसगत तिथेच होते. फुगीर वॅडिंग, म्हणजे वरचं कापड आणि अस्तर यांच्या मधला भरावाचा थर, हातात मऊ लागतं म्हणून गिऱ्हाइकं तेच मागतात. आम्ही ते विकतोही. पण गोव्यात बाळाला जाड पॉलिस्टरची ऊब फार कमी दिवस लागते. जाड सुती वॅडिंगचं दुखणं वेगळं: पावसाळ्यात ते दोन दिवस दोरीवर राहिलं तरी आतून ओलसर राहतं आणि मग कुबट वास जाता जात नाही. मधल्या थराला 100 जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आतलं वॅडिंग, नाहीतर फ्लॅनेलचा एक थर पुरे. घरात धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी असेल तर तिची दुहेरी घडी सगळ्यात उत्तम, आणि तिचे पैसे आम्हाला द्यावे लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एक वर्षाखालचं बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते तोंडावर येऊ शकतं. ही गोधडी जमिनीवर पालथं घालायला, मांडीवर घ्यायला आणि मोठ्या माणसाची नजर असताना वापरायला. बटणं, मणी, आरसे, लोंबत्या झालरी हिच्यावर लावू नका.

कापड किती

वरच्या थराला 36 चौकोन लागतात, सहा-सहा चौकोनांच्या सहा ओळी. प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा कापायचा, म्हणजे शिवून सहा इंच उरतो. 44 इंच पन्ह्याचं सुती कापड तीन रंगांत, प्रत्येकी 40 सेंटिमीटर घ्या. एका रंगात 12 चौकोन बसतात. पन्हा 36 इंचांचा असेल तर प्रत्येकी 60 सेंटिमीटर. अस्तराला 44 इंची कापड सव्वा मीटर, कडेच्या पट्टीला 35 सेंटिमीटर. वॅडिंग आणि अस्तर दोन्ही 40 इंच चौरस कापायचं, चारही बाजूंनी दोन इंच जास्त, कारण टीप मारताना ते आत ओढलं जातं.

कापण्याआधी कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड आटतं. शिवल्यावर आटलं तर टिपांभोवती सुरकुत्या धरतात. लाल आणि गडद निळ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा, रंग उतरला तर ते कापड बाजूला ठेवा. कुणबी साडीसारखं लाल-पांढऱ्या चौकड्यांचं हातमागाचं कापड वापरणार असाल तर ही परीक्षा चुकवू नका. त्या चौकड्यांचा फायदा मात्र मोठा: टीप कुठे मारायची त्याची रेघ कापडावर आधीच असते, खडू लागत नाही.

दोन सूत

चौकोन जोडताना शिवण पाव इंच धरायची, म्हणजे दोन सूत. ती कुठेही एक सूत वाढली तर दोन्ही तुकड्यांचं मिळून पाव इंच जातं. एका ओळीत पाच शिवणी असतात, म्हणजे ओळ सव्वा इंच आखूड. मग शेजारची ओळ जुळत नाही आणि दोष कापडाला दिला जातो. उपाय सोपा आहे: सुईपासून दोन सूत उजवीकडे, मशीनच्या पत्र्यावर जाड कागदी पट्टी चिकटवा आणि कापडाची कड तिला लावून चालवा. टाका अडीच मिलिमीटर, सुई 14 नंबरची आणि नवी. 16 नंबर पातळ सुतीला भोकं पाडते.

ओळ झाली की शिवणी एका बाजूला दाबून इस्त्री करा. पहिल्या ओळीच्या उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे, असं आलटून पालटून. दोन ओळी जोडताना शिवणींचे उंचवटे एकमेकांना अडकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. घासली की चौकोन तिरका होतो.

तीन थर बांधणं

इथे घाई केली तर पुढे काही सुधारत नाही. पुसलेल्या लादीवर अस्तर उलटं पसरा आणि कडा चिकटपट्टीने लादीला लावा. ताठ हवं, ताणलेलं नको. त्यावर वॅडिंग, त्यावर सुलट बाजू वर करून तुकड्यांचा थर. मधून सुरुवात करून चार-चार इंचांवर सेफ्टी पिना लावा, टीप जिथून जाणार तिथून बाजूला. पिना लावताना मोजा, काढतानाही मोजा. जून ते सप्टेंबर त्या आठवडाभरापेक्षा जास्त कापडात ठेवू नका. दमट हवेत साध्या पिना गंजतात आणि तो डाग सुती कापडातून निघत नाही. चवथीसाठी काम बाजूला ठेवायचं असेल तर पिनांऐवजी कच्चा धावदोरा घाला.

आता टिपा

हाताच्या गोधडीची पद्धत वेगळी. आपल्या शेजारी, उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंडी (त्यांची तुकड्यांची गोधडी) शिवतात ती कडेपासून सुरू करून गोल फिरत मध्यावर संपवतात, तुकडे दुमडत दुमडत. हातात सुई असली की हे जमतं. मशीनवर तसं केलं तर सैल कापड मध्यावर गोळा होतं आणि चुणी पडते. मशीनवर मधली टीप पहिली, मग तिथून बाहेर.

टाका आता तीन ते साडेतीन मिलिमीटर करा. खालचे दात फक्त अस्तर पुढे नेतात, वरचा थर मागे राहतो, म्हणून शेवटी चुणी येते. वॉकिंग फूट वरच्या थरालाही पुढे नेतो. तो घ्यायचा असेल तर आपल्या मशीनचा साधा फूट सोबत आणा, उंची जुळवून देऊ. त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर नीट टेकली पाहिजे, नाहीतर तो काही कामाचा नाही. वॉकिंग फूट नसेल तर फुटाचा दाब थोडा सैल करा आणि हळू चालवा.

टीप नेमक्या शिवणीच्या खाचेत मारा असं बरेच जण सांगतात. नवख्याने तसं करू नये. सुई केसभर हलली तरी चूक दिसते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना, फुटाच्या कडेच्या अंतरावर, समांतर टिपा मारा. त्या थोड्या वाकड्या गेल्या तरी शोभतात. तिरक्या टिपा पहिल्या गोधडीला नकोत, कापड आडवं-तिडवं ताणतं. डावीकडे खुर्ची ठेवून गोधडीचं वजन तिच्यावर टेकवा आणि मागून ओढू नका, सुई वाकते.

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की लोक बॉबिन बदलायला येतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्यात असतो. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा, मग दुरुस्तीचा विचार करा. पावसात बंद राहिलेल्या मशीनला तेल दिल्यावर आधी चिंधीवर टिपा मारून घ्या, तेलाचा डाग तिथेच जाऊ दे.

शेवटी जादा अस्तर कापून अडीच इंचांची पट्टी दुहेरी दुमडून कडेला लावा. कोपऱ्याआधी दोन सूत थांबा, पट्टी तिरकी वर दुमडून पुन्हा खाली आणा. सरळ कडेला तिरपं कापड लागत नाही, ते फक्त गोल कोपऱ्यांना. मागची बाजू पहिल्या वेळी हाताने तुरपा.

बाळाला देण्याआधी एकदा धुवा आणि दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवा. कापड घ्यायला येताना पाळण्याच्या चादरीचा किंवा झबल्याचा नमुना सोबत आणलात तर रंग जुळवायला सोपं जाईल.