पुण्याला जाताना गाडी जास्त डिझेल पिते ती चढामुळे नाही, वाऱ्यामुळे

सोलापुरात सात सीटर गाडी असलेल्या कुणालाही ॲव्हरेज विचारा, निम्म्या वेळा हेच ऐकायला मिळतं की येताना मस्त देते ओ, पण पुण्याकडं जाताना चढ आहे ना, तिथं पिते. सफारीवाला असो नाहीतर स्कॉर्पिओवाला. हे वाक्य इतकं ऐकलंय की एकदा नीट आकडे मांडून दाखवावंसं वाटलं.

चढ आहे, खोटं नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, पुणे ५६० च्या आसपास. म्हणजे अडीचशे किलोमीटरमधे शंभर मीटर. सात माणसं धरून गाडीचं वजन २३०० किलो समजू. ती शंभर मीटर वर न्यायला शाळेतल्या एमजीएच सूत्राने (वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची) साधारण साडेबावीस लाख ज्यूल लागतात. एक लिटर डिझेलमधे साडेतीन कोटी ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असते, पण इंजिनाची उष्णता, गिअरबॉक्स वगैरे जाऊन चाकापर्यंत ढोबळमानाने एक कोटी पोचते असं धरू. मग चढाचा खर्च झाला पाव लिटरसुद्धा नाही. डिझेल ९० रुपये धरलं तर वीस रुपये! एवढ्यानं ॲव्हरेज पडत नाही.

मग पडतं कशानं? हवेनं. आणि इथं मला जरा सविस्तर लिहायचंय कारण आख्ख्या गाडीत यापेक्षा भारी गोष्ट नाही.

बहुतेकांना वाटतं की हवेचा अडथळा म्हणजे गाडीच्या तोंडावर आदळणारी हवा. ते अर्धंच खरं आहे, मोठ्या गाडीचं खरं नुकसान मागच्या बाजूला होतं. भीमेला पाणी आल्यावर टेंभुर्णीच्या पुढं हायवेच्या पुलावरून खाली बघा, खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी दुभंगतं पण मागच्या अंगाला ते लगेच जुळत नाही, भोवरे करत तिथंच घुटमळतं. गाडीमागं हवेचं अगदी तेच होतं. टपावरून वेगात आलेली हवा मागच्या सरळ उभ्या काचेपाशी एकदम वळू शकत नाही, ती सुटते, आणि गाडीच्या पाठीमागं कमी दाबाचा भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो. पुढं दाब जास्त, मागं कमी, म्हणजे गाडीला सतत कुणीतरी मागं ओढतंय. पुरावा पाहिजे तर गाडीची मागची काच बघा. पुढची काच स्वच्छ असते पण मागची मोहोळपर्यंतच धुळीनं माखते, कारण चाकांनी उडवलेली धूळ त्या भोवऱ्यात फिरून काचेवर येऊन बसते. मागच्या काचेला वायपर लागतो तो त्यासाठीच.

आता सेडानचं छप्पर मागं हळूहळू उतरतं, त्यामुळे हवेला जुळायला वाट मिळते. सात सीटरला ते जमत नाही कारण तिसऱ्या रांगेतल्या माणसाचं डोकं कुठं ठेवणार? छप्पर शेवटपर्यंत उंच ठेवावं लागतं. म्हणजे तिसरी रांग तुम्ही वापरा किंवा न वापरा, तिचं भाडं हवा वसूल करतेच.

हा ओढणारा जोर मोजायचं सूत्र असं, अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले आकाराचा गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ गुणिले वेगाचा वर्ग. मोठ्या एसयूव्हीचा गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार साधारण एक चौरस मीटर धरता येतो. मे महिन्यातल्या दुपारी सोलापूरच्या तापलेल्या हवेची घनता १.०६ किलो प्रति घनमीटर येते (डिसेंबरच्या पहाटे १.१६, म्हणजे उन्हाळ्यात हवा विरळ होऊन अडथळा आठ-नऊ टक्के कमी होतो पण तो फायदा एसी खातो). उत्तरं येतात ती अशी: ताशी ८० ला २६० न्यूटन, १०० ला ४१०, १२० ला ५९०. दहा न्यूटन म्हणजे ढोबळपणे एक किलो वजनाइतका जोर. शिवाय टायर रस्त्यावर दबून-फुगून जी ऊर्जा जाते ती साधारण २५० न्यूटन, आणि तिला वेगाचा फारसा फरक पडत नाही.

आता महत्त्वाचं. सूत्रातला वेग हा रस्त्याच्या तुलनेत नाही, हवेच्या तुलनेत घ्यायचा. जून ते ऑगस्ट आपल्याकडं वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि पुणे आपल्या पश्चिम-वायव्येला. म्हणजे जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. ताशी २० चा वारा समोरून असेल आणि काट्यावर १०० असेल तर हवेच्या दृष्टीनं तुम्ही १२० ने चाललाय, परतताना त्याच शंभरला ८० ने! वारा नसता तर अडीचशे किलोमीटरला साडेसोळा लिटर लागलं असतं, समोरच्या वाऱ्यात एकवीस, पाठीवरच्या वाऱ्यात पावणेतेरा. खरा वारा तिरका असतो, जमिनीलगत मंदावतो, शिवाय लोड वाढला की इंजिनाची कार्यक्षमता थोडी सुधारते, म्हणून फरक इतका दिसणार नाही, पण अर्धा धरला तरी चार लिटर. आणि आपण चढाच्या वीस रुपयांना दोष देतोय, नाहीतर पंपवाल्याला.

याच हिशोबात वजनाचं बघा. सहा माणसं जास्त बसली की टायरचा विरोध ४२ न्यूटननं वाढतो, पुण्यापर्यंत एक लिटर. पण सहाजण बसले की डिकी संपते आणि बॅगा कॅरिअरवर जातात. कॅरिअरवरच्या बॅगांनी अडथळा वीस टक्के जरी वाढवला तरी शंभरच्या वेगाला ८० न्यूटन, म्हणजे दोन लिटर. टपावरच्या बॅगा आतल्या सहा माणसांच्या दुप्पट डिझेल खातात! आणि सामान उतरवलं तरी नुसतं कॅरिअरसुद्धा थोडं खातच राहतं, वर्षभर कशाला ठेवायचं ते?

डिझेलच्या पाइपला लावायचे चुंबक आणि चार्जिंगच्या सॉकेटमधे खुपसायचे लुकलुकणारे डबे विकत घेणाऱ्यांचा मला खरंच राग येत नाही, विकणाऱ्यांचा येतो. डिझेलच्या रेणूवर असल्या चुंबकाचा ज्वलनात फरक पडेल असा काहीच परिणाम होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं असल्या मायलेज वाढवणाऱ्या पुष्कळ वस्तू तपासल्यात आणि बहुतेकांचा उपयोग शून्य निघाला. हीच गत "नवीन गाडी, दृष्ट लागली म्हणून ॲव्हरेज पडलं" याची. आधी टायरमधली हवा तपासा, बऱ्याचदा दृष्ट तिथंच लागलेली असते.

कंपनीचा जो एआरएआयचा (गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा) मायलेजचा आकडा असतो तो खोटा नसतो, पण ती टेस्ट प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद, आणि वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. १२० ला काय होतं हे तो आकडा सांगूच शकत नाही. चार लेन हायवेवर केंद्राची मर्यादा १०० ची आहे ते वेगळंच. वारा नसताना अख्खा रस्ता १२० ने गेलात असं धरलं तर १०० च्या मानाने २५ मिनिटं वाचतात आणि साडेचार लिटर जातात, चारशे रुपये.

गावात मात्र हवेचा प्रश्नच नाही, तिथं वजन आणि ब्रेक. भरलेली गाडी ताशी ४० वर आणली की तिच्यात साधारण एक लाख चाळीस हजार ज्यूल साठतात आणि सात रस्त्याला सिग्नल लागला की ते सगळे ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जातात. परत चाळीसवर यायला चौदा मिलिलिटर डिझेल, म्हणजे दरवेळी सव्वा रुपया. सात रस्ता ते आसरा चौक जाताना सिग्नल लांबून लाल दिसला की ॲक्सिलरेटर सोडून द्या, गिअरमधे असेल तर आजची इंजिनं त्या वेळात डिझेलचा फवारा पूर्ण बंद करतात, आणि गाडी हळू होईपर्यंत बऱ्याचदा सिग्नल सुटलेला असतो.