अमेरिकेत ऑनलाइन एमएसडब्ल्यू आणि सोशल वर्कचं लायसन्स: कोण पात्र, कागद कुठले, क्रम कसा

एच-४ वर (म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या, भारतात बीए किंवा एमएसडब्ल्यू (सोशल वर्कमधली मास्टर्स) झालेल्या बऱ्याच जणी विचारतात की घरून ऑनलाइन एमएसडब्ल्यू केलं तर इथलं लायसन्स मिळतं का. मिळतं. पण डिग्री युनिव्हर्सिटी देते आणि लायसन्स तुमच्या स्टेटचं बोर्ड देतं, आणि बोर्डाला काय हवंय ते युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशनवाल्यांना प्रत्येक वेळी माहीत असतंच असं नाही, म्हणून सुरुवात बोर्डाच्या वेबसाइटपासून करा, फी भरायच्या आधी.

सगळ्यात आधी बघायचं ते अ‍ॅक्रेडिटेशन. अख्खी युनिव्हर्सिटी अ‍ॅक्रेडिटेड असून भागत नाही, तिचा एमएसडब्ल्यू प्रोग्रॅम कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन म्हणजे सीएसडब्ल्यूईच्या यादीत पाहिजे. ही यादी त्यांच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. यादीत असलेला ऑनलाइन प्रोग्रॅम आणि कॅम्पसवरचा प्रोग्रॅम बोर्डाच्या लेखी सारखाच. दुसरं म्हणजे तो प्रोग्रॅम तुमच्या स्टेटमधल्या विद्यार्थ्यांना घेतो का आणि तिथे फील्ड प्लेसमेंट (म्हणजे शिकताना संस्थेत करायचं प्रत्यक्ष काम) देतो का हे ईमेलवर लेखी विचारून ठेवा, कारण सगळे प्रोग्रॅम सगळ्या स्टेटमध्ये चालत नाहीत.

आता व्हिसा. पूर्ण ऑनलाइन डिग्रीवर एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसा होत नाही, त्यात फुल टाइम कोर्सच्या हिशोबात एका सेमिस्टरला जास्तीत जास्त एक ऑनलाइन क्लास किंवा ३ क्रेडिट धरतात. त्यामुळे हा रस्ता एच-४, ग्रीन कार्ड आणि सिटिझन यांच्यासाठी. एच-४ वर शिकता येतं, पण फेडरल स्टुडंट लोन मिळत नाही, ते ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. आणि यातली खरी अडचण डिग्रीनंतर येते, कारण क्लिनिकल म्हणजे थेरपी करण्याच्या लायसन्ससाठी जे सुपरवाइज्ड तास लागतात ते नोकरी करूनच भरतात आणि नोकरीला ईएडी म्हणजे वर्क परमिट पाहिजे. ईएडी कधी मिळेल याचा अंदाज नसताना ६० क्रेडिटची फी भरायची का, हा निर्णय घरी बसून नीट घ्या. प्लेसमेंटला स्टायपेंड असेल तर तो घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच.

भारतात आधीच बीएसडब्ल्यू (सोशल वर्कमधली बॅचलर्स) किंवा एमएसडब्ल्यू झालंय त्यांनी इथे थांबून नीट वाचा. डब्ल्यूईएस वगैरे परदेशी डिग्री तपासणाऱ्या संस्थांचं इव्हॅल्युएशन अ‍ॅडमिशनला चालतं, पण लायसन्ससाठी साधारणपणे सीएसडब्ल्यूईचंच परदेशी सोशल वर्क डिग्री तपासणारं खातं आहे, त्यांचं पत्र लागतं. त्यांनी तुमची एमएसडब्ल्यू इथल्या बरोबरीची मानली तर पुन्हा मास्टर्स करायची गरजच नाही, थेट बोर्डाकडे जाता येतं. मुंबईच्या टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) स्थापना १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन माणसाच्या पुढाकाराने झाली, आपल्याकडच्या सोशल वर्क शिक्षणाची वीण इथल्याशी जुनीच आहे, तेव्हा आपली डिग्री इथे कोण विचारणार असं आधीच धरून बसू नका, आधी तपासून घ्या. बीएसडब्ल्यू बरोबरीची ठरली तर अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगमध्ये, म्हणजे बीएसडब्ल्यूवाल्यांसाठीच्या छोट्या एमएसडब्ल्यूमध्ये, साधारण निम्मे क्रेडिट वाचू शकतात, फक्त ती डिग्री किती जुनी चालते याची मर्यादा प्रत्येक प्रोग्रॅम आपापली ठेवतो. मात्र एनजीओत दहा वर्षं काम केलंय म्हणून क्रेडिट माफ होत नाहीत, सीएसडब्ल्यूईचा नियमच तसा आहे. तो अनुभव अ‍ॅडमिशनच्या निबंधात मात्र खूप कामाला येतो, तिथे भरभरून लिहा.

कागद म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, डिग्री सर्टिफिकेट, युनिव्हर्सिटीकडून सीलबंद किंवा थेट गेलेलं ट्रान्सक्रिप्ट, आणि शक्य असेल तर जुना सिलॅबस आणि फील्डवर्क किती तास केलं त्याचं कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र. हे पत्र पुणे-मुंबईला सुट्टीत गेलात की आणून ठेवा, इथून फोन करून मिळवायला फार त्रास होतो. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट जोडा, आपल्याकडच्या बायकांचे अर्ज याच एका गोष्टीवर अडकतात. अ‍ॅडमिशनला याशिवाय रेझ्युमे, दोन-तीन शिफारसपत्रं, निबंध, आणि गरज असेल तर टोफेल. जीआरई बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. बॅचलर्स कुठल्याही विषयाची चालते, पण तीन वर्षांची बीए काही युनिव्हर्सिटी चार वर्षांच्या बरोबरीची धरत नाहीत, तेवढं आधीच विचारा.

लेक्चर ऑनलाइन असली तरी फील्ड प्लेसमेंट प्रत्यक्षच, एमएसडब्ल्यूला कमीत कमी ९०० तास. म्हणजे हॉस्पिटल, शाळा, शेल्टर अशा ठिकाणी दोन वर्षं आठवड्याला पंधरा-वीस तास, तेही बरेचदा दिवसा, त्यामुळे मुलं लहान असतील तर डेकेअरचं गणित आधी मांडा. काही प्रोग्रॅम प्लेसमेंट शोधून देतात, काही ठिकाणी तुम्हालाच शोधावी लागते. बॅकग्राउंड चेक, लसीकरणाचे कागद हे तेव्हा लागतात. आणि पुढे थेरपी करायची असेल तर क्लिनिकल कॉन्सन्ट्रेशनच घ्या, न्यूयॉर्कसारख्या स्टेटमध्ये एलसीएसडब्ल्यूला (म्हणजे क्लिनिकल लायसन्सला) क्लिनिकल विषयांचे १२ क्रेडिट मागतात.

लायसन्सच्या ढोबळ मानाने दोन पायऱ्या. पहिली मास्टर्स लेव्हलची, तिला न्यूयॉर्क, टेक्सासला एलएमएसडब्ल्यू म्हणतात आणि तिथे एएसडब्ल्यूबी या सोशल वर्क बोर्डांच्या संघटनेची मास्टर्स परीक्षा लागते, फी २३० डॉलर. बोर्डाने परवानगी दिल्याशिवाय परीक्षेला नाव नोंदवता येत नाही, नापास झालात तर ९० दिवस थांबा. इलिनॉयने २०२२ पासून पहिल्या पायरीची परीक्षाच काढून टाकली. दुसरी पायरी एलसीएसडब्ल्यू, स्वतःची प्रॅक्टिस करायची तर ही हवी. टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे ३००० सुपरवाइज्ड तास, कमीत कमी दोन वर्षांत पसरलेले, मग क्लिनिकल परीक्षा, तिची फी २६० डॉलर.

कॅलिफोर्नियात पहिल्या पायरीचं वेगळं लायसन्सच नाही, डिग्रीनंतर बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेसकडे असोसिएट म्हणून रजिस्टर व्हायचं, आणि डिग्री मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज केला, नोकरीच्या जागी फिंगरप्रिंट झालेले असले, तर डिग्री आणि रजिस्ट्रेशनच्या मधले तासही धरले जाऊ शकतात. ही मुदत अजिबात चुकवू नका. तिथे कायदा आणि एथिक्सची वेगळी परीक्षाही आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर कॅलिफोर्निया आयटीआयएन (टॅक्ससाठीचा नंबर) घेतं, बाकीच्या स्टेटचं ज्याचं त्याने बघायचं.

सुपरवायझरचं लायसन्स चालू आहे का ते बोर्डाच्या साइटवर पहिल्याच दिवशी तपासा आणि तासांच्या लॉगवर दर आठवड्याला सही घ्या, कारण सुपरवायझर नोकरी सोडून दुसऱ्या स्टेटला गेला की मागच्या वर्षभराच्या सह्या गोळा करणं फार जड जातं.