७४ अंशांवरचा उपग्रह आणि पृथ्वीचा झोका

नारळी पौर्णिमा जवळ आली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तांडेल मंडळींच्या मोबाइलवर ढगांची चित्रं फिरू लागतात. अशी चित्रं काढणारा भारताचा हवामान उपग्रह इन्सॅट-३डीआर विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीचा रेखांश ७३.३, म्हणजे इथून जवळजवळ थेट दक्षिणेला. त्याची जागा मोक्याची आहे, कारण शेजारीच, ७५ अंशांवर, पृथ्वीच्या ओढीने आपसूक तयार झालेला एक खळगा आहे.

विषुववृत्त हे नेमकं वर्तुळ नाही. त्याच्या लांब आणि आखूड त्रिज्यांत साधारण ७० मीटरचा फरक आहे. ६,३७८ किलोमीटरांपुढे ७० मीटर म्हणजे काहीच नाही. पण पृथ्वीच्याच गतीने फिरणाऱ्या भूस्थिर उपग्रहासमोर फुगवट्याची तीच बाजू कायम असते, त्यामुळे ओढ रोज एकाच दिशेने साठत जाते. माजघरातला झोपाळा अंगठ्याच्या हलक्या रेट्याने चढतो, फक्त रेटा वेळेवर हवा, तसंच हे. यालाच अनुस्पंदन म्हणतात. या टापूत सोडून दिलेला उपग्रह ७५ अंशांभोवती झुलत राहतो आणि एका झोक्याला दोन वर्षांहून जास्त काळ घेतो. (उत्तर-दक्षिण सांभाळायला मात्र इंधन जाळावंच लागतं; ती चंद्र-सूर्याची करणी.)

पृथ्वीचा आकार उपग्रहांवरून मोजणं स्पुटनिकपासून सुरू झालं. ध्रुवांकडचा चपटेपणा तोवर १/२९७ धरत. १९५८ मध्ये तो १/२९८ च्या आसपास निघाला. १९५९ मध्ये व्हॅनगार्ड-१ च्या कक्षेवरून पृथ्वी किंचित पेरूसारखी असल्याचं कळलं. पण हे सगळं उत्तर-दक्षिण आकाराचं. पूर्व-पश्चिम उंचवट्यांचा परिणाम खाली पृथ्वी फिरत असल्याने एरवी पुसून जातो, आणि अनुस्पंदनाचं मोल नेमकं इथे आहे. १९६३ मध्ये सोडलेला, दिवसाला एकच फेरी मारणारा सिनकॉम-२ जसा सरकला, त्यावरून नासाच्या कार्ल वॅग्नर यांनी विषुववृत्ताचा लंबगोलपणा काढला.

खालच्या कक्षांची गोष्ट मला जास्त आवडते. सुमारे ५०० किलोमीटरांवरचा उपग्रह दिवसाला १५ फेऱ्या मारतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटांवरून जातो; हेही अनुस्पंदनच. विरळ हवेच्या घर्षणाने तो हळूहळू खाली येत या टप्प्यातून सरकतो आणि तेवढ्या काळात त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल अंशाच्या काही शतांशांनी बदलतो. इंग्लंडमध्ये फार्नबरो इथे डेस्मंड किंग-हेली आणि त्यांचे सहकारी हा बदल शोधत बसत. त्यांच्या हाताशी असत दुर्बीण आणि स्टॉपवॉच घेऊन आकाश न्याहाळणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी. या शोधात १९६७ चा ब्रिटिश उपग्रह एरियल-३ महत्त्वाचा ठरला.

अडचण एकच. एका उपग्रहावरून मिळते ती उंचवट्यांच्या सगळ्या परिणामांची बेरीज, जणू हाऱ्यातल्या सगळ्या मासळीचं एकत्र वजन. सुरमई किती, बांगडे किती, ते समजत नाही. ते वेगळं काढायला निरनिराळ्या कलाचे बरेच उपग्रह लागले.

२००२ मध्ये ग्रेस आलं. एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरांवर धावणाऱ्या दोन उपग्रहांमधलं अंतर मोजून दर महिन्याचा गुरुत्वाचा नकाशा मिळू लागला, आणि जुनी पद्धत मागे पडली. पण अनुस्पंदन गेलं नव्हतं. २००४ च्या उत्तरार्धात ही जोडी ४ दिवसांत ६१ फेऱ्यांच्या चाकोरीत सापडली. वाटा त्याच त्या, मधले पट्टे कोरेच. त्या महिन्यांचे नकाशे खराब निघाले.