पाणबुडीला ‘थांब’ सांगायला किती वेळ लागतो?

तणाव वाढला की बातम्यांत पाणबुडीचं वर्णन असं येतं, जणू तिचा कप्तान मुख्यालयाशी सतत फोनवर आहे. तसं नसतं. खोल पाण्यातली पाणबुडी सापडत नाही, म्हणून हल्ला करणाऱ्याला प्रत्युत्तराची धास्ती राहते. पण तिला लपवणारं तेच पाणी तिच्यापर्यंत आदेशही सहजी पोचू देत नाही.

कारण मीठ. रेडिओलहर खाऱ्या पाण्यात शिरली की मिठाचे आयन (विद्युतभारित कण) हलतात, वीजप्रवाह निर्माण होतो आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. लहर किती आत जाईल? पाण्याची वाहकता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता (सुमारे ४ सीमेन्स प्रति मीटर), आणि लहरीची हर्ट्झमधली वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, यांचा गुणाकार करा, त्याच्या वर्गमुळानं ५०३ला भागा. उत्तर येतं मीटरमध्ये. तेवढ्या अंतरात लहरीचा आयाम (तिच्या कंपनाची उंची) ३७ टक्क्यांवर येतो. १ गिगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीसाठी हे अंतर जेमतेम सेंटिमीटरभर! २० किलोहर्ट्झला १.८ मीटर, म्हणजे १० मीटर खोलीवर आयामाचा सुमारे २७०वा हिस्सा उरतो. म्हणून पाणबुडी लहरी पकडणारी शेकडो मीटर लांब वायर मागे सोडते, ती पृष्ठभागालगत तरंगते. वेग वाढवला की वायर खाली ओढली जाते आणि संदेश तुटतो.

७६ हर्ट्झला हेच अंतर २९ मीटर. अमेरिकेनं विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये २००४पर्यंत या वारंवारतेवर संदेश पाठवणारं केंद्र चालवलं. तीन अक्षरांचा संकेत पोचायला सुमारे १५ मिनिटं लागत. 

शिवाय हा संवाद एकतर्फी. पाणबुडीनं उत्तर दिलं तर ठावठिकाणा उघड होतो, त्यामुळे संदेश मिळाला की नाही हे मुख्यालयाला कळत नाही. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्युबाजवळ अमेरिकी जहाजांनी सोव्हिएत पाणबुडी बी-५९ला ‘वर या’ सांगण्यासाठी सरावाचे डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले. या खुणेचा अर्थ मॉस्कोला आधीच कळवला होता, पण पाणबुडीवर तो पोचलाच नव्हता. तिच्यात अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. जहाजांना याची कल्पना नव्हती.

समुद्रातले अनुचित प्रसंग टाळण्यासाठीच्या १९७२च्या अमेरिका-सोव्हिएत करारात, बुडालेल्या पाणबुडीसोबत सराव करणाऱ्या जहाजांनी तशी खूण दाखवण्याचं बंधन आलं. पण ती खूण पाण्यावरच्यांसाठी. खालच्या पाणबुडीला मुख्यालयाचा आदेश सहसा वायरवरूनच ऐकावा लागतो. त्यासाठी वेळा ठरलेल्या असतात आणि मधल्या काळात मुख्यालय तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. युद्धविरामाची वेळ ठरवणाऱ्यांनी हा विलंब आधीच हिशेबात धरायला हवा.