छातीत दुखतंय? १०८ ला फोन केल्यावर काय होतं आणि कागद कधी लागतात

१०८ ची रुग्णवाहिका बोलवायला अर्ज, कार्ड किंवा पैसे लागत नाहीत. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा मोफत आहे, आणि गाडीत डॉक्टर असतात. म्हणून आधी फोन करा, कपाट नंतर उघडा.

फोनवर गाव, वाडी किंवा सोसायटी आणि ठळक खूण सांगा. मग रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, हे विचारलं जातं. श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर गाडीची वाट पाहत बसू नका. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा.

गाडी आल्यावर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि साखर तपासतात, सोय असेल तर ईसीजी (हृदयाचा आलेख) काढतात. पहिल्या तपासणीपासून १० मिनिटांत ईसीजी निघावा, असा वैद्यकीय दंडक आहे. सोबत प्रश्न चालूच असतात: दुखणं कधी सुरू झालं, हातात किंवा जबड्यात जातंय का, घाम फुटला का? हृदयविकाराच्या झटक्यात मधुमेही माणसाला छातीत न दुखता नुसता दम लागू शकतो. ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा पाजत बसण्यात अशांचाच वेळ जातो. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आणि रक्त पातळ करणारी औषधं आवर्जून सांगा. व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर तीही सांगाच, संकोच नको. त्यावर छातीच्या दुखण्यावरची, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी दिली तर रक्तदाब धोकादायक उतरतो.

बरोबर घ्यायचं ते एवढंच: चालू गोळ्यांची पाकिटं, जुना ईसीजी आणि डिस्चार्ज कार्ड. नव्या ईसीजीतला बदल जुन्याशी ताडूनच नीट कळतो.

सरकारी योजनेतल्या उपचारांसाठी पात्रतेचा प्रश्न येतो तो रुग्णालयात. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणं) बसते, पण रुग्णालय योजनेशी जोडलेलं हवं. तिथल्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) रेशनकार्ड आणि आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र द्यायचं. तातडीच्या वेळी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात. दाखल करतानाच आरोग्यमित्राला गाठा आणि ‘तातडीची नोंद करा’ असं स्पष्ट सांगा.